सूत्रधाराचा विवेक

लिहिलेला नियम श्रेष्ठ, कीं नियम लावणाराचा विवेक श्रेष्ठ, हा वाद न्यायशास्त्राइतकाच जुना आहे. परंतु तो एखाद्या रविवारीं संध्याकाळीं आपल्याच घरांतील जेवणाच्या मेजावर उपस्थित होईल, अशी माझी कल्पना नव्हती. माझी कन्या आणि तिची मित्रमंडळी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ खेळत होती. या खेळांत रूढ अर्थानें हारजीत नाहीं. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. आपलें पात्र काय करील तें खेळाडू सांगतात. आणि यशाविषयीं संशय असेल तेथें फासा टाकून निर्णय होतो. त्या दिवशीं एका नवख्या मुलानें, पाठीस लागलेल्या शत्रूंना अडविण्यासाठीं, कोठारांतील वाटाण्यांचें पोतें जिन्यावर उपडें करण्याची युक्ति काढली. एका जुन्या खेळाडूनें नियमपुस्तक चाळून, अशी कृति त्यांत सांगितलेली नाहीं म्हणून हरकत घेतली. सूत्रधार झालेली मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “वाटाण्यांवर कोणीहि घसरेल. शत्रूंच्या वतीनें तोल सांभाळण्याचा फासा मी टाकतें.” मग तिनें आपल्या वहींत तो निर्णय टिपून ठेवला व पुढें म्हणाली, “उद्यां शत्रूनें वाटाणे पसरले, तर तुम्हांलाहि हाच फासा.”

सूत्रधाराच्या या अधिकाराची वंशावळ उद्बोधक आहे. 1824 सालीं प्रशियाच्या सैन्यांतील रायस्विट्झ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें युद्धखेळाचे तपशीलवार नियम प्रसिद्ध केले. नकाशावर ठोकळे मांडून दोन पक्ष लढत, आणि पंच फासे व कोष्टकें पाहून दोहोंची हानि ठरवी. पुढें हे नियम फार बोजड वाटूं लागले. तेव्हां 1876 सालीं फॉन व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्यानें, कोष्टकांचें ओझें दूर सारून निर्णय अनुभवी पंचाच्या बुद्धीवरच सोंपवावा, असा पक्ष मांडला. युद्धखेळांच्याच परंपरेंतून अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 1974 सालीं वर सांगितलेला खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध केला. त्यांत कितीतरी गोष्टी अध्याहृत होत्या. त्या सूत्रधारानें भरून काढावयाच्या होत्या. पुढें पुस्तकें जाड होत गेलीं. सूत्रधाराची गरज मात्र सरली नाहीं.

ती सरणें शक्यच नाहीं. नियम आधीं लिहिला जातो आणि प्रसंग मागाहून घडतो. अ‍ॅरिस्टॉटलनें नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत लेस्बॉस बेटांतील गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दृष्टान्त दिला आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणें वांकते, म्हणूनच ओबडधोबड दगड मापण्यास उपयोगी पडते. कायदा सामान्य भाषेंत बोलतो, प्रसंग मात्र विशिष्ट असतो. म्हणून कायद्याची उणीव भरून काढणारी समदृष्टि न्यायाला हवीच, असें त्याचें म्हणणें.

परंतु या नाण्याला दुसरी बाजू आहे. सतराव्या शतकांतील इंग्रज विधिज्ञ जॉन सेल्डन यानें अशाच समदृष्टीचा उपहास केला होता. न्याय जर चॅन्सेलराच्या सदसद्विवेकावर अवलंबून राहूं लागला, तर लांबीचें मापहि चॅन्सेलराच्या पावलावरून ठरवावें. पाऊल तर माणसागणिक निराळें! याचा प्रत्ययहि मला त्याच मेजावर आला. पुढें एकदां सूत्रधारानें आडपडद्यामागें टाकलेल्या फाशाचा आंकडा गुपचूप बदलला, कारण मनांत योजलेली कथा त्या आंकड्यानें अकालीं संपत होती. ही गोष्ट उघड झाली. कोणी भांडलें नाहीं. पण त्यानंतर फासा घरंगळूं लागला म्हणजे पूर्वीं सर्वांचा श्वास जसा रोखला जात असे, तसा तो रोखला जाईना.

दोन्हीं वेळां विवेकाचाच अधिकार वापरला गेला. मग भेद कोठें? पहिला निर्णय उघड होता, त्याचें कारण सर्वांना ऐकूं आलें, आणि त्यानें पुढील प्रसंगीं निर्णय देणारीलाहि बांधून घेतलें. दुसरा निर्णय गुप्त होता आणि देणाराच्याच सोयीचा होता. नियम म्हणजे आधीं दिलेला शब्द होय. तो मोडावा लागला तर ज्यांना दिला त्यांच्यासमक्ष मोडावा. त्यांच्या नकळत मोडला तर त्यास विवेक न म्हणतां लहर म्हणणें प्राप्त आहे.

येथवर येऊन थांबणें मला सोयीचें झालें असतें. पण लहर नियम मोडणारालाच ग्रासते असें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या एका विद्यार्थ्याची उपस्थिति परीक्षेस बसण्यापुरती भरली नाहीं. आजारी वडिलांच्या शुश्रूषेसाठीं तो गांवीं राहिला होता. सवलतीची शिफारस करण्याचा मार्ग मला मोकळा होता. मीं नियमाकडे बोट दाखविलें. त्याचें एक वर्ष गेलें. त्या वेळीं मी स्वतःला निःपक्षपाती समजत होतों. आज वाटतें, मी केवळ श्रम वांचवीत होतों: त्याची हकीकत पडताळून पाहण्याचे, आणि उद्यां दुसऱ्यानें ‘मग मला कां नाहीं?’ असें विचारलें असतें तर उत्तर देण्याचे. त्या उत्तराची जबाबदारी नको म्हणून मीं नियमाचा आडपडदा केला.

त्या मुलीनें वहींत दोन ओळी लिहून तीच जबाबदारी सहज पत्करली होती. नियमपुस्तक तिच्यासमोर होतें, माझ्याहि समोर होतें. तिनें तें मिटलें नाहीं; त्यांत जें नव्हतें तें आपल्या नांवानें लिहिलें.