विजेवर चालणारे घर आणि त्यातले मांजर

अरबी समुद्रात उठणारी चक्रीवादळे संयुक्त अरब अमिरातीच्या वाट्याला क्वचित येतात. दुबई, शारजा आणि अबू धाबी ही मोठी शहरे होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत, आखाताच्या काठी वसलेली आहेत, आणि ओमानच्या आखाताकडे तोंड करून असलेला फुजैरा, खोर फक्कान व कल्बा हा पूर्व किनाराच काय तो वादळाच्या टप्प्यात येतो. २००७च्या जूनमध्ये आलेले 'गोनू' वादळ तिथवर पोहोचेपर्यंत बरेच मंदावले होते, तरी कल्बा आणि फुजैराच्या किनारी वस्त्यांत समुद्र शिरला. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये 'शाहीन' ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर धडकले आणि अमिराती थोडक्यात बचावली. मात्र वादळानंतरची अवस्था ओढवण्यासाठी वादळच यावे लागते असे नाही. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐन भागातील खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस देशात कुठेही पडलेला नव्हता. दुबई विमानतळावर वर्षभरात सरासरी पंचाण्णव मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथे एका दिवसात सुमारे १४२ मिलिमीटर झाला. शारजातील अल मजाज, अल कासिमिया आणि किंग फैसल रस्त्याच्या परिसरात पाणी कित्येक दिवस हटले नाही, आणि या भागातील अनेक इमारतींमध्ये वीज, पाणी आणि लिफ्ट या तिन्ही गोष्टी एकदमच बंद पडल्या.

त्या दिवसांतील एक दृश्य जगभर पाहिले गेले. पाण्यात बुडत चाललेल्या मोटारीच्या दाराच्या मुठीला पुढचे दोन्ही पंजे अडकवून एक मांजर लोंबकळत होते, आणि बोटीतून आलेल्या दुबई पोलिसांच्या जवानांनी त्याला अलगद उचलून घेतले. ते मांजर रस्त्यावर होते म्हणून दिसले आणि दिसले म्हणून वाचले. त्याच वेळी बंद दारांमागे, अंधारात, विसाव्या-पंचविसाव्या मजल्यावर जी हजारो मांजरे आपापल्या कुटुंबांबरोबर अडकली होती त्यांचे चित्रण कोणी केले नाही, आणि करण्यासारखे त्यात काही नव्हतेही. आपत्तीत पाळीव जनावराचे काय होते, हा प्रश्न मात्र त्या बंद दारांमागचाच आहे, कारण तिथे सुटका करायला कोणी येत नाही. जे काही करायचे ते घरातल्या माणसांनाच करावे लागते.

या घरांची जडणघडण आधी ध्यानात घ्यावी लागते. आखातातील उंच इमारतीत पाणी तळघरातल्या टाकीत साठवले जाते आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. हे पंप आणि पुष्कळदा विजेच्या वितरणाची खोलीही तळमजल्यावर किंवा त्याखाली असते, त्यामुळे पुराचे पाणी आत शिरले की नळ, दिवा, लिफ्ट आणि एसी या साऱ्यांचे प्राण एकाच ठिकाणी जातात. पुष्कळ मनोऱ्यांच्या खिडक्या चार बोटांपलीकडे उघडत नाहीत, कारण सतत चालणारी शीतयंत्रणा गृहीत धरूनच त्या बसवलेल्या असतात. आणि वीज जाईल ही शंकाही कोणाला येत नाही: दुबईच्या वीज व पाणी प्राधिकरणाने २०२३ सालासाठी जाहीर केलेला आकडा असा, की एका ग्राहकामागे वर्षभरात मिळून सरासरी १.०६ मिनिटे वीज खंडित झाली. ज्या मराठी कुटुंबांनी भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टर, कंदील आणि भरलेली पिंपे जपली, त्यांच्याच दुबईतल्या घरात मेणबत्ती सापडत नाही. हा दोष कुणाच्या निष्काळजीपणाचा मानता येत नाही. अत्यंत भरवशाच्या व्यवस्थेने तिच्यावाचून जगण्याची सवय मोडून टाकली, एवढाच त्याचा अर्थ.

कोकणाशी तुलना केली तर हा फरक अधिक उठून दिसतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतल्या कित्येक गावांना त्यानंतर अनेक आठवडे विजेविना काढावे लागले. माणसांचे हाल झाले, सुपारी आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, पण घरोघरच्या मांजरांचा वेगळा प्रश्न उभा राहिला नाही. ती मांजरे पडवीत निजणारी, मासळीच्या डोक्यांवर आणि उंदरांवर गुजराण करणारी, विहिरीच्या काठचे साचलेले पाणी पिणारी होती. उकडले तर ती शेणाने सारवलेल्या गार जमिनीवर अंग टाकत. 'मांजर काय, आपले आपण बघून घेते' हे आजीचे म्हणणे त्या घराच्या बाबतीत खरेच होते. शारजातल्या सदनिकेत ते खरे राहत नाही. तिथे मांजराने शिकार करायची नाही, बाहेर जायचे नाही, माती उकरायची नाही असे माणसाने ठरवले, आणि त्या बदल्यात तयार खाद्य, विजेवर चालणारे पाण्याचे कारंजे, ठरल्या वेळी दाणे सोडणारे यंत्र आणि लिटर बॉक्स म्हणतात ते वाळूचे पसरट पात्र दिले. जनावराचे स्वावलंबन काढून घेऊन त्याच्या जागी ज्याने यंत्रणा बसवली, त्याच्यावर यंत्रणा बंद पडल्यावरची जबाबदारी आपोआप येते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे; दयाबुद्धीचा मुद्दा त्यानंतरचा.

हा विचार अमिरातीच्या भूमीला नवा नाही. इस्लामी परंपरेत मांजराला मानाचे स्थान आहे. पैगंबरांच्या एका सहकाऱ्याचे अबू हुरैरा हे टोपणनावच मांजरावरून पडले आहे. हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहांत एका स्त्रीची हकिकत येते. तिने मांजर कोंडून ठेवले, त्याला स्वतः खायला घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे टिपून खायला मोकळेही सोडले नाही, म्हणून ती शिक्षेस पात्र ठरली, असा तिचा आशय आहे. इथे दोष कोंडणे आणि उपाशी ठेवणे या दोन्हींच्या संयोगात मानलेला आहे, हे विशेष. मराठी लोकसमजुतीत मांजर मारणाऱ्याला काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, पण ती हत्येची भरपाई झाली. कोंडलेल्या मांजराविषयीच्या कर्तव्याचा निकष हदीसमधल्या कथेत अधिक नेमका सापडतो. अमिरातीचा २००७ सालचा पशुकल्याणविषयक १६ क्रमांकाचा संघीय कायदाही मालकाकडून अन्न, निवारा आणि देखभालीची अपेक्षा करतो.

मग वीज नसलेल्या घरात या कर्तव्याचे स्वरूप काय राहते? मांजराचे पूर्वज असलेले रानमांजर कोरड्या प्रदेशातले. त्याची एक अरबी जात अमिरातीच्या डोंगराळ आणि वाळवंटी भागांत आजही आढळते. त्यामुळे मांजराचे मूत्रपिंड मूत्र अतिशय घट्ट करून पाणी वाचवते आणि मांजराला तहानही उशिरा लागते. हाच गुण बंद घरात घातक ठरतो. डब्यातल्या ओल्या खाद्यात पाऊण हिस्सा पाणी असते, पण उघडलेला डबा फ्रिजविना काही तासांत फेकावा लागतो; कोरड्या दाण्यांत पाण्याचा अंश जेमतेम दहा टक्के असतो, आणि नेमके तेच विजेविना टिकते. म्हणून दाण्यांवर पाणी शिंपडून, ते थोड्या थोड्या प्रमाणात द्यावे लागतात. घाबरलेला बोका लघवीसाठी वाळूत वारंवार बसतो आणि काही होत नाही, असे दिसले तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि एक-दोन दिवसांत ते जिवावर बेतते. तसेच दोन-तीन दिवस मांजराने अन्नाला तोंड लावले नाही तर यकृतात चरबी साठू लागते, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. तेव्हा 'भूक लागली की खाईल' हा हिशेब माणसाच्या मुलाला लागू पडेल, मांजराला पडत नाही. मराठी स्वयंपाकघरातला उरलासुरला फोडणीचा भात पुढे करण्याचा मोह अशा वेळी होतो, पण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. अंधार आणि डास यांवरचा उपाय म्हणून जाळला जाणारा कापूरही त्याला विषारीच.

उष्म्याचा प्रश्न याहून अवघड आहे. मांजराला घाम फक्त पंजांच्या गाद्यांवर येतो. अंग चाटून, लाळ सुकू देऊन ते स्वतःला थंड करते. हा उपाय कोरड्या हवेत चालतो, म्हणजे अल ऐनमध्ये बराच आणि दुबई-शारजाच्या दमट किनाऱ्यावर फारच कमी. त्याच कारणाने ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, ज्यात मधुमेही मांजराचे इन्सुलिन गार ठेवता येईल असे सुचवले जाते, तो अल ऐनमध्ये उपयोगी पडतो आणि समुद्राकाठी दगा देतो. आखातात लोकप्रिय असलेल्या चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरांना धाप लागून अंग थंड करणेही जमत नाही. तोंड उघडे टाकून धापणारे मांजर दिसले की ते संकटात आहे असेच समजावे. २०२४चा पूर एप्रिलात आला आणि पावसाने हवाही उतरली, म्हणून हा भाग निभावला. जुलै २०२२मध्ये फुजैरा आणि कल्बा पाण्याखाली गेले होते. तसा जुलै शारजाच्या मनोऱ्यांवर आला तर काय होईल याचा अंदाज करणे कठीण नाही.

उकाड्यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे गॅलरीचे सरकते दार उघडणे, आणि सर्वांत मोठा अपघात तिथेच घडतो. एरवी एसीमुळे कायम बंद असलेल्या त्या दाराला जाळी बसवण्याची गरज कुणालाच भासलेली नसते. मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायांवर उतरते, हा समज जगभर आहे, आणि त्याला आधार म्हणून १९८७ साली प्रसिद्ध झालेला न्यूयॉर्कमधला एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात १३२ मांजरांची पाहणी होती आणि त्यांतली बहुतेक वाचली होती. पण ती सगळी पशुवैद्याकडे आणलेली मांजरे होती. जी जागीच मेली त्यांना दवाखान्यात कोण नेणार? ज्या आकड्यात मेलेल्यांची मोजणीच नाही, त्याच्या भरवशावर दार उघडे ठेवणे म्हणजे शुद्ध अविचार होय. जाळी नसेल तर मांजराला न्हाणीघरात, फरशीच्या गारव्यात, वाळूच्या पात्रासह ठेवून मग बाकीचे घर उघडे टाकावे.

या सगळ्यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. एप्रिल २०२४च्या पुरात माणसे मेली, हजारो कामगार आणि मध्यमवर्गीय कुटुंबे पिण्याच्या पाण्यासाठी ताटकळत राहिली, लोकांनी छोट्या होड्यांतून एकमेकांना भाकऱ्या आणि औषधे पोहोचवली; अशा वेळी मांजराची चिंता हा सुखवस्तूंचा चोचला नव्हे काय? हा आक्षेप प्रमाणावर टिकत नाही. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे आठवड्याचे दीड लिटरही होत नाही, आणि एवढ्याने कुणा माणसाचा घास हिरावला जात नाही. खरी अडचण जागेची आहे. पाण्याने वेढलेली इमारत सोडून नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात जायचे तर मांजराला तिथे प्रवेश नसतो, आणि मग माणसेही जायचे टाळतात. अमेरिकेत २००५च्या 'कॅटरिना' वादळात हे मोठ्या प्रमाणावर घडले, म्हणून २००६ साली तिथे स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव जनावरांची सोय बंधनकारक करणारा कायदा झाला. भारतात आपत्तीनंतरच्या मदतीच्या निकषांत दुभती आणि ओढकामाची जनावरे, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या यांची गणती होते. उपजीविकेचे साधन असल्याशिवाय जनावर सरकारी कागदावर येत नाही. शेतकरी समाजात ते समजण्यासारखे आहे, मात्र मुंबई-पुण्याच्या सदनिकांना ती मोजपट्टी अपुरी पडू लागली आहे.

अमिरातीत आणखी एक गुंता आहे. बऱ्याच भाडेकरारांत पाळीव जनावरे ठेवायला मनाई असते, आणि तरीही घरोघरी मांजरे असतात; ती नातूरपासून, म्हणजे इमारतीच्या राखणदारापासून, लपवून ठेवलेली असतात. बलदियाकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, नोंद आणि ओळखीची चिप करण्याची व्यवस्था आहे, पण घरमालकाच्या भीतीने अनेकजण त्या वाटेला जात नाहीत. लपवलेल्या मांजराचे नाव बोटीतून आलेल्या जवानाला सांगता येत नाही, शेजाऱ्याकडे किल्ली देता येत नाही, आणि घर सोडताना ते 'दोन दिवसांचाच प्रश्न आहे' म्हणून वाडगाभर दाण्यांवर मागे ठेवले जाते. दोन दिवसांचे आठ दिवस होतात, हे अल मजाजच्या पाण्याने दाखवून दिले. मनाईच्या कलमाने इमारतीतली मांजरे कमी झालेली नाहीत. ती फक्त मोजणीतून गळाली आहेत. हे कलम हट्टाने चालू ठेवणारे घरमालक आपत्तीतल्या हानीचे काही प्रमाणात भागीदार ठरतात, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

दुबईने जून २०२४मध्ये 'तसरीफ' हा तीस अब्ज दिरहमांचा पर्जन्यजलनिचऱ्याचा प्रकल्प जाहीर केला असून तो २०३३पर्यंत पूर्ण व्हायचा आहे. तोवर रस्त्यावरचे पाणी सरकारने पाहावे. तळघरातला पंप आणि विजेची खोली वरच्या मजल्यावर नेणे हे इमारतमालकांचे काम आहे, आणि भाडेकरार नव्याने करताना त्याविषयी लेखी विचारणा करणे हे भाडेकरूंचे. अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे हंगाम दोन: मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घराने त्याआधी गॅलरीला जाळी बसवावी, आठवड्याचे कोरडे खाद्य, दोन लिटर पाणी, वाळूची एक जादा पिशवी आणि लसीकरणाचे कागद कॅरियरमध्येच भरून ठेवावेत, आणि तो कॅरियर माळ्यावर न टाकता दाराजवळ ठेवावा.