मुदतीचा शब्द

वस्तूंनाही आयुष्यरेषा असते. माणसाची तळहातावर, तर वस्तूची पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत. फरक एवढाच, की ज्योतिषी कधीमधी चुकतो. पावतीवरचे भविष्य पुष्कळदा खरे ठरते. बारा महिने लिहिलेले असावेत आणि तेरावा लागताच वस्तूने डोळे मिटावेत!

आमच्या पडवीतले चालण्याचे यंत्र, म्हणजे ट्रेडमिल, चौदा महिने जगले. आईला साखरेचा विकार. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. पण मालवणात पावसाळ्याचे चार महिने चालायचे कुठे? पाणंदीतल्या चिऱ्यांवर शेवाळ धरते. म्हणून मुंबईच्या धाकट्या भावाने ते धाडले. (या यंत्राचे कुळ पाहण्यासारखे आहे. 1818 च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनियराने कैद्यांना राबवण्यासाठी पायचक्र काढले. पुढे ती शिक्षा निर्दय म्हणून इंग्लंडात बंद झाली. आता तिचाच सुधारलेला अवतार आपण हप्त्यांवर विकत घेतो.)

ऐन श्रावणात पट्टा थांबला. वाडीतल्या मेस्त्रीने झाकण उघडून पाहिले. "मास्तरानू, मोटार बरी आसा. आतली सर्किटची पाटी गेली. ती हाडा, मी बसयतंय." कंपनीकडून उत्तर आले: वॉरंटी संपली, ते मॉडेल बंद झाले, पाटी मिळणार नाही; नवे यंत्र घ्याल तर सवलत देऊ.

भाऊ व्यापारातला. फोनवर म्हणाला, "दादा, त्यांचं काय चुकलं? एका वर्षाचा शब्द दिला, एक वर्ष पाळला."

हे म्हणणे मला झटकून टाकता येत नाही. शब्दाला सीमा हवीच. पट्टा झिजणार, त्याला वेळेवर तेल न देणारे गिऱ्हाईकही असणार, आणि आमच्या खाऱ्या वाऱ्याचा जाब कारखान्याने जन्मभर का द्यावा? फुकट दुरुस्तीचा खर्च शेवटी किमतीतच धरलेला असतो. दहा वर्षांचे वचन हवे, तर दहा वर्षांचे पैसे मोजावेत.

पण ती मुदत कशाची होती? फुकटपणाची. वस्तू दुरुस्त होऊ शकेल, या शक्यतेला कोणी मुदत घातली होती? मी पाटी दान मागत नव्हतो, विकत मागत होतो. पैसे घेऊनही ती न देणे म्हणजे शब्द संपणे नव्हे. ते दार बंद करणे झाले.

कायद्यालाही हे अगदीच नामंजूर नाही. 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, लेखी हमी दिली एवढ्याने माल विकण्याजोगा असावा ही न लिहिलेली अट पुसली जात नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावरही टाकली. 2022 साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काची भाषा सुरू केली. पण पाटी मुळात अधू होती की वाऱ्याने गेली, हे मेस्त्रीच्या साक्षीवर कसे सिद्ध करावे?

तालमीतल्या मल्लखांबाच्या नशिबी ही पंचाईत नाही. लाकडाचा खांब, त्याला एरंडेल चोळायचे. तडा गेला तर सुतार गावातलाच. जुने सुतार काही साधुसंत नव्हते. गिऱ्हाईक त्यांना दर बाजाराला तोंडावर भेटत असे आणि खांबाच्या आत लपवण्यासारखे काही नसे, एवढेच.

आता आमचीच परीक्षा आली आहे. शेजारच्या काकी म्हणाल्या, "इकून टाका कोणाक तरी. बंद कित्याक आसा, ता सांगू नकात." सल्ला मायेचा होता. पण मग माझ्यात आणि त्या कंपनीत फरक काय राहिला? तिने निदान बारा महिने तरी लिहून दिले होते. मी तर बारा मिनिटांचीही हमी देणार नाही. दुखणे सांगूनच विकायचे, असे मी भावाला कळवले. त्याने तिथल्या तिथे हिशेब केला.

"दादा, मग भंगाराचाच भाव येईल."

येवो.