वाचनयंत्राची निवड : एक नैतिक प्रश्न

दोन वस्तूंपैकी एकीची निवड करणे हा सामान्यतः व्यवहाराचा भाग मानला जातो. किंमत, टिकाऊपणा आणि उपयुक्तता यांचा हिशेब मांडावा व जी वस्तू सरस ठरेल ती घ्यावी, एवढेच त्यात अभिप्रेत असते. ई-रीडर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाचनयंत्रांकडेही याच दृष्टीने पाहिले जाते. किंडल घ्यावे की कोबो, या प्रश्नाची चर्चा पडद्याची स्पष्टता, बॅटरीचे आयुष्य, वजन आणि किंमत या निकषांभोवती फिरते. हे निकष गैर आहेत असे नाही. तथापि त्यांच्या आधारे मिळणारे उत्तर अपुरे राहते. कारण संहितेशी असलेला आपला संबंध कोणत्या स्वरूपाचा असावा, हेही वाचक त्याच क्षणी, आणि बहुधा नकळत, ठरवीत असतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा दुसरा, अनुच्चारित निर्णय आहे.

यंत्र म्हणून ही साधने परस्परांपासून फारशी भिन्न नाहीत. त्यांचा पडदा प्रायः एकाच तंत्रावर उभा आहे. १९९७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ई-इंक कंपनीच्या या तंत्रात अतिसूक्ष्म कुपींमधील पांढरे आणि काळे विद्युतभारित कण वरखाली सरकतात व त्यांतून अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवण्यासाठी वीज खर्ची पडत नाही. भेद आहे तो या पडद्यामागे. नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडल बाजारात आणले ते स्वतःच्या बंदिस्त फाइल-स्वरूपासह. त्याच वर्षी ‘ईपब’ हे कोणत्याही उत्पादकाला वापरता येईल असे खुले प्रमाणस्वरूप निश्चित झाले आणि पुढे सोनी, नूक, कोबो या यंत्रांनी ते स्वीकारले. मात्र स्वरूप खुले असले म्हणजे पुस्तक खुले असतेच असे नाही. ईपबमधील पुस्तकालाही प्रकाशकाच्या इच्छेनुसार डिजिटल कुलूप लावता येते आणि ते वारंवार लावले जाते. फरक इतकाच, की तेथील प्रचलित कुलूप एकाहून अधिक उत्पादकांच्या यंत्रांवर उघडते; किंडलचे कुलूप अ‍ॅमेझॉनच्या व्यवस्थेबाहेर उघडत नाही.

या कुलपाचा अर्थ दोन घटनांतून स्पष्ट होतो. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या कृतींच्या काही ई-आवृत्त्या, त्या विकणाऱ्याकडे हक्क नसल्याचे आढळल्यावर, अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून दूरस्थपणे काढून घेतल्या व पैसे परत केले. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी त्याच महिन्यात जाहीर क्षमायाचना केली. दुसरी घटना २०१९ मधील. मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. विकलेली पुस्तके वाचकांच्या हातून गेली, मूल्य परत मिळाले, आणि ज्यांनी पुस्तकांवर टिपणे केली होती त्यांना २५ डॉलर अधिक देण्यात आले.

दोन्ही घटनांत कोणाचे आर्थिक नुकसान झाले असे म्हणता येत नाही. मग अन्याय झाला तो कोठे? पैसे परत करण्याच्या कृतीत एक गृहीत दडलेले आहे : पुस्तक म्हणजे त्याची किंमत. परंतु वाचलेले पुस्तक हे विकत घेतलेल्या पुस्तकाहून वेगळे असते. ऑरवेल-प्रकरणी एका अमेरिकन विद्यार्थ्याने न्यायालयात धाव घेतली, ती याच भेदामुळे. अभ्यासासाठी त्याने केलेली टिपणे शिल्लक राहिली होती. ज्या मजकुराला ती जोडलेली होती तो मजकूर तेवढा नाहीसा झाला होता. मूळ ग्रंथ लोपला आणि भाष्य तेवढे उरले, असे प्रसंग वाङ्मयेतिहासाला अपरिचित नाहीत. परंतु ते काळाच्या ओघात, युद्धात, आगीत किंवा वाळवीमुळे घडत आले. येथे ते विक्रेत्याच्या एका आज्ञेने घडले. समासात लिहिणारा वाचक संहितेच्या अर्थनिर्मितीत सहभागी असतो, असे आधुनिक समीक्षा मानते. तो सहभाग ज्या पृष्ठावर घडतो ते पृष्ठच परक्याच्या स्वाधीन असेल, तर वाचकाला दिलेले हे सिद्धान्तातील स्थान व्यवहारात पोकळ ठरते.

संहिता कुलूपबंद असणे ही काही आजच्या युगाची निर्मिती नव्हे, असा आक्षेप यावर घेता येईल. मराठीच्या अभ्यासकाला महानुभाव पंथाचे स्मरण येथे अपरिहार्यपणे होईल. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि त्यामुळे आद्य मराठी गद्याचा मोठा भाग शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकांना अगम्य राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे प्रभृतींच्या प्रयत्नांतून त्याचा उलगडा होऊ लागला. साम्य उघड आहे, परंतु भेद अधिक बोधप्रद आहे. सांकेतिक लिपीची किल्ली ग्रंथ बाळगणाऱ्यांच्या, म्हणजे वाचकांच्याच समूहाकडे होती. पोथी ज्याच्या हाती होती त्याला ती वाचता येत होती, तिची प्रत करता येत होती, शिष्याला ती शिकवता येत होती. वाचनयंत्राच्या कुलपात हे नाते उलटे होते : पुस्तक वाचकाकडे आणि किल्ली विक्रेत्याकडे. पहिल्या प्रकारात गुप्तता ग्रंथाच्या रक्षणासाठी होती आणि रक्षक वाचकच होता. दुसऱ्या प्रकारात ज्याच्यापासून रक्षण करावयाचे, तो संशयित म्हणजे खुद्द वाचक होय.

यावर असे म्हटले जाईल, की वाचकाने हे सारे अटी मान्य करून स्वेच्छेने स्वीकारले आहे. या संमतीचे स्वरूप तपासले पाहिजे. दीर्घकाळ ‘खरेदी करा’ या शब्दांखाली प्रत्यक्षात वापराचा परवाना दिला जात होता. १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याने, ग्राहकाला परवानाच मिळत असल्याचे स्पष्ट न सांगता असा शब्दप्रयोग करण्यास मनाई केली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. छापील पुस्तकाच्या बाबतीत प्रथम विक्रीनंतर प्रकाशकाचा पुढील विक्रीवरील अधिकार संपतो, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच मान्य केले होते. ई-पुस्तकाला ते तत्त्व लागू नाही, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. म्हणजे वापरलेले पुस्तक विकणे, जे रद्दीच्या दुकानापासून विद्यापीठाच्या आवारापर्यंत सर्वत्र सहज घडते, ते येथे मुळातच संभवत नाही.

याहून खोल अडचण काळाची आहे. पहिले पुस्तक घेताना वाचक मोकळा असतो. दहा पुस्तकांनंतरही तो यंत्र बदलू शकतो. पाचशे पुस्तकांनंतर यंत्र बदलणे म्हणजे ग्रंथसंग्रह सोडणे होय. प्रत्येक खरेदी पुढील निवडीचा अवकाश संकोचित करते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ सालच्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये असे प्रतिपादन केले, की स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य स्वातंत्र्याच्या तत्त्वात बसत नाही, कारण त्या एका कृतीने स्वातंत्र्याचा हेतूच नष्ट होतो. एका यंत्राच्या खरेदीला दास्याची उपमा देणे अतिशयोक्त ठरेल. परंतु युक्तिवादाची रचना येथे उपयोगी पडते : जी निवड पुढील निवडींचा मार्ग बंद करते, ती स्वेच्छेने केलेली असली तरी केवळ स्वेच्छेच्या आधारे समर्थनीय ठरत नाही.

प्रतिपक्षाचे दोन मुद्दे मात्र गंभीर आहेत. पहिला लेखकाच्या हक्काचा. कुलूप काढले तर अनधिकृत प्रती पसरतील आणि लेखकाचे उत्पन्न बुडेल, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. तरीही टॉर बुक्स या विज्ञानकथांच्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांवरील कुलूप काढले आणि प्रकाशन पुढे चालू ठेवले. तेव्हा कुलूप ही लेखनव्यवसायाची अनिवार्य अट आहे, असे मानण्याचे कारण उरत नाही. दुसरा मुद्दा उपलब्धतेचा. डिसेंबर २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके किंडलवर आणली. मराठी पुस्तकांच्या दुकानापासून हजारो मैल दूर राहणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने ही सामान्य गोष्ट नव्हे; तत्त्वासाठी त्याने पुस्तकच वाचू नये, असे सांगण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. अक्षरे मोठी करण्याची सोय मंददृष्टी वाचकाला आणि मजकूर वाचून दाखवण्याची सोय दृष्टिहीन वाचकाला वाङ्मयाचे दार उघडून देते. पण याच ठिकाणी कुलपाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. २००९ मध्ये किंडलच्या दुसऱ्या आवृत्तीत यंत्राने मजकूर वाचून दाखवण्याची सोय आली, तेव्हा अमेरिकेतील लेखकसंघटनेने हरकत घेतली व ती सोय पुस्तकागणिक बंद करण्याची मुभा हक्कधारकांना मिळाली. दृष्टिहीन वाचकाचे वाचन अशा रीतीने दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहिले. २०१३ च्या माराकेश करारामागे, ज्याला मान्यता देणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला, ही जाणीव आहे : वाचण्याची सोय ही कृपा म्हणून मिळता कामा नये, तिला हक्काचे अधिष्ठान हवे.

तेव्हा वाचनयंत्राच्या निवडीचा नैतिक निकष कोणता? कोणते यंत्र सर्वोत्तम, हा प्रश्न अल्पायुषी आहे; यंत्रे काही वर्षांत कालबाह्य होतात. पुस्तकांसह आणि टिपणांसह कोणते यंत्र सोडून देता येते, हा प्रश्न टिकणारा आहे. या निकषाला त्यागक्षमता असे म्हणता येईल. विकत घेतलेली फाइल स्वतःजवळ ठेवता येते का, ती दुसऱ्या उत्पादकाच्या यंत्रावर उघडते का, टिपणे वेगळी काढून घेता येतात का, हे प्रश्न पडद्याच्या तेजाआधी विचारले गेले पाहिजेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने खरेदी केलेली किंडल-पुस्तके संगणकावर उतरवून घेऊन तारेने यंत्रात भरण्याची सोय बंद केली. या निकषावर ती पीछेहाट ठरते; कोबो त्यामानाने बरे ठरते, परंतु कुलूपबंद ईपब असेपर्यंत तेही निर्दोष नाही.

हा निकष सर्वांवर सारख्याच कठोरतेने लादण्याचे कारण नाही. प्रवासात वाचून विसरावयाची रहस्यकथा परवान्यावर मिळाली तरी फारसे बिघडत नाही. परंतु ज्या ग्रंथावर प्रबंध उभा राहणार, ज्यातील अवतरण पुढच्या अभ्यासकाने पडताळून पाहावयाचे आहे, त्या ग्रंथाबाबत वाचकाची जबाबदारी स्वतःपुरती राहत नाही. त्याला ती प्रत कोणाला तरी दाखवता आली पाहिजे. छापील पुस्तक उसने देताना ते परत येणार नाही अशी धास्ती प्रत्येक ग्रंथसंग्राहकाला वाटत आली आहे. ती धास्ती बाळगण्याची संधीही ज्या पुस्तकात उरलेली नाही, ते वाचता येते. परंतु ते आपल्या संग्रही आहे असे म्हणताना वाचकाने थोडे थांबावे, हे उचित.