थकबाकी आणि हिवाळ्यातील ऊब

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तेथे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली उतरतो आणि असंख्य घरे टाकीत साठविलेले तेल जाळून उबदार ठेवावी लागतात. टँकर दाराशी येतो, टाकी भरतो आणि पावती देऊन जातो. या व्यवहारासाठी तेथे ग्राहकसंरक्षणाचे नियम आहेत. त्यांतील एक विचार करायला लावणारा आहे. 15 ऑक्टोबर ते 30 एप्रिल या काळात विक्रेत्याच्या नेहमीच्या क्षेत्रातील ग्राहक रोख पैसे देऊन 20 गॅलनहून (सुमारे 76 लिटर) अधिक तेल मागत असेल, तर जुन्या थकबाकीचे कारण सांगून त्याला नकार देता येत नाही.

हे न्याय्य आहे काय? माल विक्रेत्याचा, अडकलेला पैसाही त्याचाच. आपला किराणा दुकानदारही ‘आधी मागचे मिटवा’ म्हणतोच की! इस्लामसुद्धा धनकोला गप्प बसवीत नाही. एका माणसाने खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आपले येणे कठोर शब्दांत मागितले. सहाबा संतापले, तेव्हा हक्कदाराला बोलण्याचा अधिकार असतो, असे सांगून प्रेषितांनी त्यांना आवरले. ऐपत असूनही देणे लांबविण्याला त्यांनी जुलूम ठरविले.

परंतु येणे मागणे वेगळे आणि अडवणूक करणे वेगळे. येथे कोणी फुकट काही मागत नाही. आजच्या तेलाचे पैसे आजच हाती पडतात. मग नकारात वसुलीचे बळ येते कोठून? केवळ थंडीतून. ज्या तान्ह्या मुलाने वा आजारी आजीने कर्ज घेतलेलेच नाही, त्यांचे कुडकुडणे तारण म्हणून वापरले जाते. कुरआन (2:280) अडचणीतील ऋणकोला सवड देण्याची आज्ञा करतो आणि कर्ज सोडून देणे अधिक चांगले मानतो. हा नियम तर तेवढेही मागत नाही.

पाणी, चारा आणि अग्नी यांत लोक भागीदार असल्याची एक हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. तिच्या आधारे विकत घेतलेले तेल सर्वांचे ठरत नाही, हे मान्य. तरीही जगण्याला लागणारी ऊब इतर मालासारखी नव्हे, एवढे तिच्यातून नक्कीच कळते.

शिवाय मेनचा नियम थकबाकी माफ करीत नाही. ती वहीत तशीच राहते. विक्रेता पत्र पाठवू शकतो, हप्ते ठरवून देऊ शकतो, पुढची उधारी बंद करू शकतो आणि न्यायालयातही जाऊ शकतो.