गुरूजवळ बसणे

‘उपनिषद’ या शब्दाची फोड दोन तऱ्हांनी केली जाते. गुरूच्या जवळ, खाली बसणे ही प्रचलित व्युत्पत्ती. शंकराचार्य मात्र ‘सद्’ धातूचा सैल करणे, नाश करणे हा अर्थ पुढे आणतात; अविद्येचा नाश करते ती विद्या म्हणजे उपनिषद. पहिल्या अर्थात जवळ बसण्याला महत्त्व आहे, दुसऱ्यात केवळ परिणामाला. पडद्यावरची शाळा ही शाळा मानावी की नाही, हा वादही याच दोन अर्थांमधला आहे.

गुरुमुखाचा आग्रह सर्वांत कडक होता तो वेदपाठात. लिहिलेले पाहून म्हणणाऱ्याला ‘पाणिनीय शिक्षा’ या ग्रंथाने सहा अधम पाठकांत बसवले आहे. कारण व्यवहाराचे होते. उदात्त, अनुदात्त, स्वरित हे कानाने घ्यायचे असतात आणि चुकले तर तिथल्या तिथे कोणीतरी टोकावे लागते. एवढेच असेल तर व्हिडिओवरूनही संथा देता येते. आवाज पोहोचतो, चूकही कळते.

छांदोग्य उपनिषदातली सत्यकाम जाबालाची कथा याहून अवघड प्रश्न विचारते. गुरू हारिद्रुमत गौतम त्याला चारशे रोड गाई देऊन रानात धाडतात. गाई हजार होईपर्यंत तो परतत नाही. वाटेत बैल, अग्नी, हंस आणि मद्गू नावाचा पाणपक्षी त्याला ब्रह्माचा एकेक पाद सांगतात. म्हणजे अभ्यासक्रम आश्रमाबाहेरच पुरा होतो. तरी परतल्यावर तो गुरूंनाच शिकवायची विनंती करतो आणि गुरू तेच पुन्हा सांगतात, काहीही न गाळता. नवे काही मिळत नसताना हा खटाटोप कशासाठी? उत्तर बहुधा गौतमांच्या पहिल्या उद्गारात आहे: शिष्याचा चेहरा पाहूनच ते ओळखतात की याला कोणीतरी शिकवले आहे. माहिती कुठूनही येते. ती मुरली की नाही, हे पाहायला समोर कोणी लागते. २०२० साली शाळा बंद असताना डेटा वाचवायला कॅमेरे बंद ठेवलेल्या वर्गांत नेमके हेच पाहणे थांबले होते.

दुरून मिळालेला उपदेश मराठी संतपरंपरेला परका नाही. तुकारामांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला. बहिणाबाईंना कोल्हापुरात असताना तुकारामांचा अनुग्रह झाला, तोही स्वप्नातच. त्यानंतरही बहिणाबाई देहूला गेल्याच.

जवळ बसण्याचा महिमा गाताना एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते: ती जागा सर्वांना खुली नव्हती. महाभारताच्या आदिपर्वात द्रोण एकलव्याला नाकारतात ते तो निषाद म्हणून. द्रोणांच्या मातीच्या पुतळ्यासमोरचा त्याचा अभ्यास हौसेचा नव्हता, दुसरी वाटच नव्हती. १९८९ साली सुरू झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांनी जवळ बसण्याची अट सैल केली, ती रोजच्या वर्गाला येऊ न शकणाऱ्यांसाठी. द्रोण मात्र एकलव्याला पुन्हा समोरासमोर भेटले ते शिकवायला नाही, दक्षिणा मागायला.