पायाखालचा दाब

खुर्चीत पाठ टेकवून बसा. उजव्या पायाची टाच जमिनीवर, चवडा मोकळा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. आज लक्ष फक्त या पायाकडे.

समोर एका ट्रॅक कारचे ब्रेक-पेडल आहे असे धरा. तिच्या बॉनेटखालचा काळा गोल डबा, म्हणजे बूस्टर, काढायचा आहे. पण आधी तो काय करतो ते सावकाश पाहू. डब्यात एक रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूची हवा इंजिन नळीवाटे ओढून घेते. पेडल दाबले की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला रेटते. वर्ध्यात या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. पडदा तळहाताहून बराच मोठा, त्यामुळे रेटाही मोठा. ब्रेक आपणच लावला असे पायाला वाटते. त्यातले बरेचसे काम हवेने केलेले असते.

एक श्वास घ्या, आणि ही मदत काढून टाका.

ती का काढायची? शर्यतीसाठी तयार केलेल्या कॅमशाफ्टचे इंजिन हवा नीट ओढत नाही. ओढ कमी-जास्त होते. मग एका वळणावर पेडल हलके लागते, पुढच्याला जड. डबा गेल्याने वजन वाचते, जागा होते, पण माझ्या मते खरे कारण हेच: पायाला दर वेळी तेच उत्तर मिळावे.

नुसती नळी उपटून हे होत नाही. पेडल दगडासारखे होते आणि गाडी सहज थांबत नाही. इथे घाई नको, आकडे एकेक करून मनात ठेवा. पायाचा जोर ४० किलो. पेडलची तरफ चारपट, म्हणजे तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरवर १६० किलो. सिलिंडरचा व्यास २२.२ मिलिमीटर असेल, तर ब्रेक ऑइलवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४१ किलो दाब. आता तरफ सहापट करा आणि सिलिंडर १९ मिलिमीटरचा घ्या. त्याच पायाने दाब ८४ च्या आसपास. दुप्पट! पण तेवढेच तेल ढकलायला पायाला आता दुप्पट अंतर चालावे लागते. हवेने दिलेले बळ परत केले, त्याची भरपाई पायाने अंतरात केली. या हिशेबापाशी थोडे थांबा. मला तो फार सुंदर वाटतो.

वर्ध्यात १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आहे; तिथले चरखे आठवा. सूत तुटण्याच्या आधीचा ताण कातणाऱ्याच्या बोटांना कळतो, आणि बोटे ओढ सैल करतात. चाक जाम होण्याच्या आधीची थरथर अशीच चवड्याखाली कळावी लागते. ती कळली की पाय किंचित सोडायचा. फार नाही, एखाद्या किलोने.

सेवाग्राम-पिपरीकडे अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांनी हे मनन जरूर करावे. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर भरणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेतल्या विद्यार्थ्यांच्या गाड्यांना बहुधा बूस्टर नसतोच. तिथल्या तपासणीत ब्रेक दाबून चारही चाके जाम झालेली दाखवावी लागतात. पेडलने सुमारे २०० किलोचा जोर सोसला पाहिजे, कारण घाबरलेला पाय हिशेब करत नाही.

रस्त्यावरच्या गाडीला मात्र हात लावू नका. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असा बदल करू देत नाही, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. समृद्धी महामार्ग आपल्या वर्धा जिल्ह्यातून जातो, पण तो ट्रॅक नाही. घरची गाडी आई चालवते, शेजारी चालवतो. त्यांचा पाय या जड पेडलला सरावलेला नसतो.

आता चवडा पुढे न्या, मनातल्या मनात पेडल दाबा. ब्रेकचे तेल दोन वेगळ्या मार्गांनी जाते. त्यातला एक फुटला आहे असे समजा. पेडल एकदम खाली जाईल, मग दुसरा मार्ग पकड घेईल. आपण आधीच अंतर दुप्पट केले आहे, तेव्हा खाली किती जागा उरली? गाडी स्टँडवर असतानाच हे मोजायचे. सिलिंडरचा दट्ट्या शेवटाला टेकण्याआधी पेडल फरशीला टेकत असेल, तर गाडी ट्रॅकवर न्यायची नाही. पेडलची बैठक बदलायची आणि पुन्हा मोजायचे.