बहिऱ्या मुलास त्याच्या डोळ्यांविषयी सांगावे काय?

जन्मापासून बहिरे असलेले मूल दहा-बारा वर्षांचे होते, आणि दिवेलागणीनंतर ते उंबऱ्यास ठेचाळू लागते. अंगणातली घागर त्यास दिसत नाही. शेतावरून परतताना ते बापाचा हात सोडीत नाही. घरची माणसे म्हणतात, रातांधळे झाले, पालेभाजी व कलेजी खाऊ घाला. आहारातील अ जीवनसत्त्वाच्या उणिवेने येणारे रातांधळेपण आपल्या गावांस पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे व वेळीच उपाय केल्यास ते बरे होते, म्हणून ह्या म्हणण्यास कोणी हसू नये. परंतु मूल बहिरे असेल तर आणखी एका कारणाचा विचार केल्यावाचून राहू नये. ते कारण व त्यातून उद्भवणारा एक नैतिक प्रश्न ह्यांविषयी आम्ही आज लिहिणार आहो.

ह्या विकारास अशर सिंड्रोम असे म्हणतात. बहिरेपण व दृष्टीचा ऱ्हास ही दोन्ही एकाच माणसात येतात हे बर्लिनचे नेत्रवैद्य फोन ग्रेफे ह्यांनी १८५८ साली नोंदविले होते. पुढे १९१४ साली चार्ल्स अशर ह्या ब्रिटिश डॉक्टरांनी त्याचे आनुवंशिक स्वरूप पुढे मांडले, म्हणून त्यांचे नाव त्यास मिळाले. लाख माणसांत सुमारे ४ ते १७ जणांस तो असतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यात मंद उजेडात पाहणाऱ्या ज्या पेशी आहेत त्या प्रथम झिजतात, म्हणून आरंभ रात्रीपासून होतो. मग कडेचे दिसणे कमी होत जाते, व शेवटी नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसते. हे समोरचे दिसणे पुष्कळ वर्षे टिकते, आणि येथेच लोकांची फसगत होते. जो मुलगा भर दुपारी सुईत दोरा ओवतो तोच बाजूने आलेल्या बैलावर आदळतो. मग कोणी त्यास धांदरट म्हणतो, कोणी ढोंगी. त्यास उलट उत्तरही देता येत नाही, कारण ते शब्द त्याच्या कानी पडलेलेच नसतात.

प्रत्येक बहिऱ्या मुलाचे डोळे जातात असे मात्र कोणी समजू नये. अशा मुलांत डोळ्यांचे दोष इतरांहून अधिक आढळतात हे खरे, पण त्यांतील पुष्कळांस चष्मा पुरतो. कित्येकांच्या बहिरेपणाचे मूळ आईस गर्भारपणी झालेल्या रुबेला तापात असते व त्यांस मोतीबिंदूही असू शकतो; ह्याकरिताच गोवर व रुबेला ह्यांची एकत्र लस आपल्या देशात २०१७ सालापासून मुलांस दिली जाऊ लागली. म्हणून मूल बहिरे आहे असे कळताच, तक्रार असो वा नसो, त्याचे डोळे नेत्रवैद्याकडून तपासून घ्यावे, आणि पुढेही वेळोवेळी तपासावे. जे मूल बहिरे असून दीड वर्ष उलटले तरी चालू लागत नाही त्याच्याविषयी तर विशेष सावध असावे, कारण अशर सिंड्रोमच्या एका प्रकारात कानातील तोल सांभाळणारा भागही अधू असतो.

येथे एक गोष्ट आईवरचा दोष काढण्याकरिता सांगणे अवश्य आहे. हा विकार आईकडून एकटीकडून येत नाही. आई व बाप ह्या दोघांकडून त्याचा एकेक अंश मिळेल तेव्हाच तो मुलात प्रकट होतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलास तो होण्याचा संभव चारांत एक असतो. आईबाप स्वतः निरोगी असतात. आपल्यात असे काही आहे हे त्यांस ठाऊकही नसते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जेथे आहे तेथे असे दोन अंश एकत्र येण्याचा संभव वाढतो, हे लग्न जमविणाऱ्या वडील माणसांनी ध्यानात ठेवावे. सुनेच्या पायगुणाची गोष्ट काढणाऱ्यांनी आपल्या मुलाचा अर्धा वाटा आधी मोजावा.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. मोठ्या इस्पितळात निदान झाले, आईबापांस कळले. मुलास सांगावे काय? न सांगणाऱ्यांचे म्हणणे आम्ही हलके समजत नाही. ते म्हणतात, रोगावर अद्याप खात्रीचा उपाय नाही. दृष्टी किती उरेल व किती वर्षे उरेल हे डॉक्टरही नेमके सांगू शकत नाहीत. मग ज्याचे बालपण आधीच मुके आहे त्याच्यावर आणखी काळोख आजच का लादावा? ह्या बोलण्यात माया आहे, आणि बारा वर्षांच्या जिवास सर्व ओझे एका दिवसात देणे क्रूरपणाचे होईल हे आम्हांसही मान्य आहे.

परंतु ह्या मायेत एक गोष्ट मिसळलेली आहे, ती वेगळी काढून पाहिली पाहिजे. ऐकणाऱ्या मुलापासून काही लपवावयाचे तर आईबापांस परसदारी जावे लागते, आवाज उतरवावा लागतो. बहिऱ्या मुलापासून लपविण्यास काहीच करावे लागत नाही. ते समोर बसून भाकर खात असते, आणि त्याच्याच डोळ्यांविषयी आत्या, काका व शेजारी त्याच्या डोक्यावरून बोलत असतात. सर्व आळीस ठाऊक, त्यास मात्र नाही! हे लपविणे इतके सोपे आहे म्हणूनच त्याविषयी आम्हांस भय वाटते. लेवीयच्या १९ व्या अध्यायात बहिरा व आंधळा ह्या दोघांविषयीची आज्ञा एकाच वचनात आली आहे, हे आमच्या उपदेशक बंधूंस स्मरत असेल. बहिऱ्यास दिलेला शाप त्यास ऐकू येत नाही, आंधळ्यापुढे ठेवलेली धोंड त्यास दिसत नाही. दुसऱ्याच्या उणिवेचा आडोसा घेऊन त्याच्याशी वागणे, हेच तेथे मना केलेले आहे. आईबाप शाप देत नाहीत, हे खरे. तथापि आडोसा तोच आहे.

शिवाय मुलास काहीच ठाऊक नाही, हा समज बहुधा खोटा असतो. संध्याकाळी मित्रांचे हात दिसेनासे होतात, खुणांचे बोलणे अर्धवट तुटते, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक? त्यास नसते ते एवढेच, ह्या गोष्टीचे नाव व तीविषयी विचारण्याची मुभा. आपण वेंधळे आहो असे तो मनाशी ठरवितो, किंवा अंधार पडताच घरी बसू लागतो.

आणि वेळ जातो, ही हानी तर भरून निघणारी नाही. दिसत आहे तोवर ब्रेल लिपी बोटांस शिकविता येते, पांढरी काठी हातात रुळविता येते, बोलणाऱ्याच्या हातांवर हात ठेवून खुणा समजून घेण्याची सवय करता येते. बहिरेपणावर कानात शस्त्रक्रियेने बसवावयाचे कॉक्लिअर इम्प्लांट हे यंत्र जितक्या लहान वयात बसेल तितके अधिक उपयोगी पडते, म्हणून निदान लवकर झाले तर आईबापांचा तो निर्णयही निराळा होऊ शकतो. धंदा निवडताना मोटार चालविण्याचे मनात घेऊन बसलेल्या तरुणास विसाव्या वर्षी कळण्यापेक्षा चौदाव्या वर्षी कळणे बरे. मुंबईत बहिऱ्या व बहिऱ्या-अंध मुलांकरिता हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ साली स्थापन झाले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहिरे-अंधत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु ज्यास आपली स्थिती ठाऊक नाही तो ह्यांतील कशाचे दार ठोठावील?

लग्नाची बोलणी चालू असताना काय करावे, हे आम्हांस विचारतील. मुलीकडच्यांस, किंवा मुलाकडच्यांस, सांगावे. पण ज्याचे डोळे आहेत त्यास आधी सांगितल्यावाचून तिसऱ्यास सांगू नये. प्रौढ मनुष्य मला पुढचे ऐकावयाचे नाही असे म्हणेल तर त्याची इच्छा मोडू नये. काही विचारावयाचे आहे एवढे तरी ज्यास ठाऊक असते त्यालाच नको म्हणता येते. बहिऱ्या मुलास ही संधी आपण देतच नाही.

सांगावयाचे ते आईने किंवा बापाने सांगावे, धाकट्या भावंडाकरवी निरोप म्हणून नव्हे. ज्या घरात मुलाची हाताची भाषा कोणी शिकलेच नाही तेथे शाळेच्या शिक्षकास जोडीस घ्यावे. दिवसा बसावे. सांगणाऱ्याने उजेडाकडे तोंड करावे, पाठीशी खिडकी ठेवू नये. हात छातीजवळ, मुलाच्या नजरेच्या मधोमध राखावे. रात्री कमी दिसते ते तुझ्या चुकीने नव्हे, एवढे पहिल्या दिवशी पुरे. मग थांबावे, आणि तो जे विचारील तेवढ्याचे उत्तर द्यावे.